एका वाक्यात उरकलेलं लग्न

अकरावी-बारावीची दोन वर्षं मी मुरुममध्ये दहावीतली मुलगी होते. म्हणजे सोमवार ते शनिवार अकरावी-बारावीत आणि रविवारी दहावीत. आमच्या गावातल्या एका फोटो स्टुडिओवाल्या दादांनी नवा कॅमेरा घेतला होता, आणि लग्नसराई संपली की दादांना आणि कॅमेऱ्याला, दोघांनाही काम नसायचं. म्हणून त्यांनी दहावीच्या वर्गावर एक विनोदी मालिका काढायचं ठरवलं. दहा-बारा मिनिटांचा एकेक भाग, स्वतःच्या चॅनलवर टाकायचा, लोकांनी मोबाइलवर बघायचा. मुख्याध्यापकांनी रविवारी एक वर्ग उघडून द्यायचं कबूल केलं. अट एकच, बाक जागचे हलवायचे नाहीत. मालिकेचं नाव मी इथं सांगणार नाही. सांगितलं तर कोणीतरी ती शोधून काढील आणि माझा अभिनय बघेल.

अभिनय मला येत नव्हताच. लिहिता येत होतं. माझे वडील शाळेत क्लार्क, त्यामुळे घरात पाठकोऱ्या कागदांचे गठ्ठे असायचे आणि मी ते भरून काढायचे. दादा विषय सांगायचे, शुक्रवारपर्यंत मी संवाद लिहून द्यायचे. आम्ही चौघं होतो. मी वर्गाची मॉनिटर, फळ्यावर नावं लिहिणारी आणि सगळ्यांना नकोशी. एक मुलगा हुशार, एक रोज उशिरा येणारा. आणि चौथी माझी मैत्रीण, शेवटच्या बाकावरची.

तिच्या वडलांची पिठाची गिरणी होती. त्यांना ती अप्पा म्हणायची, म्हणून मीही अप्पाच म्हणायचे. लहानपणापासून गिरणीत बसून तिला मोठ्यानं बोलायची सवय लागलेली. ती कानात कुजबुजली तरी चार घरांना ऐकू जायचं. वर्गात हे वाईट होतं, कॅमेऱ्यापुढं सोन्यासारखं. मी लिहिलेलं वाक्य तिनं कधी जसंच्या तसं म्हटलं नाही. वाक्याचा मतलब तेवढा ती घ्यायची आणि पुढचं आपल्या मनानं बोलायची. मी चिडायचे. "अगं, असं नाही लिहिलेलं." ती म्हणायची, "मग काय बिघडलं? ह्ये लोक बोलत्यात तसं हाय." दादा कॅमेऱ्यामागून हात हलवून मला गप्प करायचे.

भाग पाहणारी माणसं खाली काय काय लिहायची. बहुतेक सगळं तिच्याबद्दल. उमरग्याच्या बाजारात बायका तिला हाक मारून थांबवायच्या, गालावरून हात फिरवायच्या. मग माझ्याकडं बघून विचारायच्या, "तू बी त्याच्यात हायस न्हवं?" मी हाय म्हणून मान डोलवायचे. तेव्हा मला त्याचं हसू यायचं. निदान मला तसं वाटायचं.

बारावीच्या गुणपत्रिका मिळाल्या त्या दिवशी आम्ही दोघी त्या घेऊन शाळेच्या पायऱ्यांवर बसलो होतो. मला धाराशिवच्या कॉलेजला जायचं होतं, बी.ए. करायचं होतं. दोघींनी एका खोलीत राहायचं, भाजी तिनं करायची आणि भांडी मी घासायची, हे आमचं नववीपासून ठरलेलं. तिला माझ्यापेक्षा चारच मार्क कमी होते. ती गुणपत्रिकेची सुरनळी करून एका डोळ्याला लावत म्हणाली, "तू जा धाराशिवला. मी न्हाई यायले."

"का गं?"

"अप्पांच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय न्हवं. डॉक्टर म्हणलेत, वाकायचं न्हाई, वजन उचलायचं न्हाई. मग पोतं कोण उचलणार?"

"आणि पुढच्या वर्षी?"

"बघू की," ती म्हणाली. उद्या कोणती भाजी करायची असं कोणी विचारावं आणि आपण बघू म्हणावं, त्या आवाजात. मग तिनं त्या सुरनळीतून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "इतकं लांब तोंड करून बसू नकोस. फळ्यावर नाव लिहीन."

मी धाराशिवला गेले. उशिरा येणारा आणि हुशार, दोघंही त्याच कॉलेजात आले. पावसाळ्यात दादांचा फोन आला. चॅनलवर लोक विचारत होते, पोरांची शाळा संपली, आता पुढं काय. दादांच्या डोक्यात नवी मालिका होती, त्याच पोरांची, पण कॉलेजातली. "ह्ये जुन्याचं शेपूट न्हाई," ते मला समजावून सांगत होते. "ह्ये कलम हाय. झाड तेच, कुंडी नवी. तू लिही."

मी विचारलं, "ती कशी येणार?"

दादा म्हणाले, "तिचं अवघडच हाय गं. गिरणी सोडून रविवारी धाराशिवला कशी येईल? रविवारीच तर दळणाची गर्दी. ती कुठं गेली तेवढं एका वाक्यात उरकून टाक."

मी एका वाक्यात उरकून टाकलं.

कॉलेजनं आत चित्रीकरणाला परवानगी दिली नाही. त्यामुळे आमची कॉलेजवरची मालिका कॉलेजच्या गेटापर्यंतच होती. गेटाबाहेरचा फुटपाथ, चहाची टपरी, लिंबाच्या झाडाखालचा पार. त्या पारावर उशिरा येणारा मला विचारतो, "आपली शेवटच्या बाकावरची कुठं गेली गं?" आणि मी, म्हणजे मॉनिटर, केस मागं टाकत म्हणते, "तिचं तर लग्न झालं की! मे महिन्यातच. बिदरकडं दिली." यावर हुशार कपाळाला हात लावतो. बस्स. दहा सेकंदांचं काम. लिहिताना मला त्यात काही वावगं दिसलं नाही. गावाकडच्या मुली दिसेनाशा होतात तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेलं असतं, असा मी विचार केला, आणि वही मिटली.

भाग रविवारी सकाळी चॅनलवर आला. दुपारी माझ्या आईचा फोन.

"तू काय लिहून ठेवलंस गं?"

"काय झालं?"

"मी दळण आणायला गेले होते. तिथं बायका त्या पोरीला घेरून उभ्या. 'गुपचूप उरकलं व्हय? आम्ही काय तुमच्या पंगतीत बसलो नसतो का?' म्हणायलेत. ती म्हणते, मावशी, ते खोटं हाय, मालिकेतलं. तर एक बाई म्हणते, मोबाइलवर दाखवलंय ते खोटं कसं असंल? मग तू माहेरी कशी, काय भांडण झालं का, असं विचारायली!"

आईला हसू आवरत नव्हतं आणि रागही येत होता. मला आधी हसूच आलं. पण संध्याकाळपर्यंत एकेक कळत गेलं. अक्कलकोटच्या तिच्या आत्यांनी फोन करून रडारड केली, सख्ख्या आत्याला अक्षता नाही म्हणून. आळंदच्या एका घरातून तिला मागणी आली होती. अप्पांनी त्यांना दोन वर्षं थांबा म्हणून सांगितलं होतं. त्या लोकांनी मध्यस्थाकडून निरोप धाडला, "आम्हाला थांबवून ठेवलं आणि तिकडं बिदरला उरकून मोकळे झालात. ही काय माणसाची रीत झाली?"

मी तिला फोन केला. तिनं उचलला नाही. परत केला. मग लांबलचक मेसेज लिहिला. तिनं वाचला, आणि उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. बारा वर्षांच्या मैत्रीत तिनं मला एवढं थोडक्यात कधी उत्तर दिलं नव्हतं. त्या अंगठ्यानं मला आठवडाभर जेवण गेलं नाही.

शनिवारी मी नळदुर्गवरून जाणारी एसटी धरून मुरुमला आले आणि घरी पिशवी टाकून तशीच गिरणीवर गेले. गिरणी चालू होती. पट्टा फटफटत होता, पिठाचा धुरळा उन्हाच्या कवडशात तरंगत होता. सात-आठ बायका डबे घेऊन रांगेत. ती वरच्या पत्र्याच्या तोंडात ज्वारी ओतत होती. डोक्याला रुमाल बांधलेला, भुवया आणि पापण्या पांढऱ्या. ऑपरेशनच्या आधी अप्पा दिसायचे तशीच दिसत होती. तिनं मला पाहिलं. यंत्र बंद केलं नाही.

"मला बोलायचंय!" मी ओरडले.

"डबा आणलास का?" तीही ओरडली. अर्थात, तिला ओरडायला वेगळं काही करावं लागत नव्हतं.

"नाही!"

"मग रांगेतनं बाजूला हो! मागच्यांचा नंबर जातो!"

रांगेतल्या बायका माझ्याकडं बघत होत्या. मीच ती, लग्न लावणारी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी घरी गेले. आईला म्हटलं, ज्वारी दे. आई म्हणाली, "कालच दळून आणलीय." मी म्हटलं, "तरी दे." पायलीभर ज्वारी डब्यात घेऊन मी परत आले आणि रांगेत शेवटी उभी राहिले. तासभर तरी उभी असेन. माझ्यामागून आलेल्या दोन बायकांना तिनं खुणेनं पुढं घेतलं.

शेवटी माझा नंबर आला. तिनं डबा घेतला, ज्वारीत हात घालून पाहिली. "बारीक का जाड?"

"बारीक."

दळण झालं. पीठ डब्यात भरलं, झाकण लावलं, मग तिनं मोटार बंद केली. एवढ्या आवाजानंतरची शांतता कानांना दुखते. त्या शांततेत ती म्हणाली, "लग्नच का?"

"म्हणजे?"

"दुसरं काय न्हाई सुचलं तुला? मुंबईला गेली लिही, पोलिसात भरती झाली लिही. मेली लिही. न्हाई, मेली लिहिलं असतंस तरी लोकांनी जेवायला मागितलंच असतं."

मला हसू आलं. तिलाही येत होतं, पण तिनं ते दाबलं.

"आळंदचं स्थळ गेलं," मी म्हणाले. "माझ्यामुळं."

"त्येचं मला काय न्हाई. त्यो मुलगा फोटोतच झोपल्यागत दिसत होता." मग डब्यावर सांडलेलं पीठ बोटानं गोळा करत ती म्हणाली, "तू मला विचारलं न्हाईस. येतीस का, एवढंच विचारायचं होतं. मी न्हाईच म्हणले असते, अप्पांना सोडून कशी येणार? पण ते मी म्हणायचं होतं. तू परस्परच म्हणलीस. वरनं बिदरला बी धाडलीस."

मी म्हणणार होते की तुला वाईट वाटू नये म्हणूनच विचारलं नाही. तोंडापर्यंत आलेलं. आठवडाभर मी स्वतःलाही तेच सांगत होते. पण तिच्यासमोर उभं राहून ते बोलवेना, कारण ते पुरतं खरं नव्हतं. मी म्हणाले, "तू आली असतीस तर सगळ्यांनी परत तुलाच पाहिलं असतं. यावेळी मला वाटत होतं, माझ्याकडं बघतील."

तिच्या पापण्यांवरचं पीठ हललं. "मग बघितलं का?"

"नाही. सगळ्यांनी हेच विचारलंय, शेवटच्या बाकावरची कुठं हाय."

आता मात्र ती हसली. गिरणीच्या पत्र्यावरची कबुतरं उडतील असं हसली. मग म्हणाली, "जा, अप्पांना भेट. त्येंच्यापुढं हसू नकोस, त्येंना लई लागलंय."

अप्पा घरी बाजेवर पडून होते, कमरेला पट्टा बांधलेला. ते फार कमी बोलणारे गृहस्थ. मी पाया पडले आणि चूक झाली म्हणाले. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी द्यायला सांगितलं. मग छताकडं बघत म्हणाले, "पोरी, ते काढून टाकता येत असंल न्हवं? मोबाइलवरचंच तर हाय."

मी तिथूनच दादांना फोन लावला. दादाही कानकोंडे झाले होते. आठवडाभर त्यांनी गिरणीच्या रस्त्यानं जायचं टाळलं होतं. ते म्हणाले, "काढतो की, लगेच काढतो." पण बाजेवरून अप्पांनी हात वर केला. त्यांच्या काहीतरी लक्षात आलं होतं.

"थांबा," ते म्हणाले. "आत्ता काढलं तर लोक म्हणतील, लग्न मोडलं."

दारात पदरानं हात पुसत तिची आई उभी होती. तिच्यामागून, गिरणी बंद करून आलेली मैत्रीण आत शिरली, सगळं ऐकून म्हणाली, "मग पुढच्या भागात सांगायचं, खोटं होतं म्हणून. मीच सांगते. दादा, उद्या कॅमेरा घेऊन गिरणीवर या." आणि मला म्हणाली, "तू लिही. पण माझं मी बोलणार. आणि एक ध्यानात ठेव. ती गिरणीच चालवते. तिला कॉलेजात घालायचं न्हाई, आणि कुणी तिची कीव करायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी रविवार. दोघं मुलगे सकाळच्या गाडीनं आले. दादांनी कॅमेरा लावला, पण गिरणी बंद ठेवायला ती तयार नव्हती. "लोकांचं दळण थांबवून नाटक करायचं का?" तेव्हा खऱ्या रांगेतच चित्रीकरण सुरू झालं. दादांनी एका आजीबाईंना थोडं सरकायला सांगितलं, त्या कॅमेऱ्यासमोरच येत होत्या. आजीबाई म्हणाल्या, "म्या न्हाई सरकत, माझा नंबर जाईल." त्या संपूर्ण भागात त्या मध्ये उभ्या आहेत, डबा कडेवर घेऊन, एकाही वाक्यावर न हसता.

माझ्या लिहिण्यात एवढंच होतं की आम्ही तिघं सुट्टीला गावी येतो आणि ती आम्हाला गिरणीवर दिसते. उशिरा येणारा विचारतो, "तुझं तर लग्न झालं होतं न्हवं?"

तिनं वर ओतता ओतता विचारलं, "कुणी सांगितलं?"

"सगळं गाव म्हणतंय."

"मग गावालाच विचार नवरा कसा हाय. मला बी बघायचाय."

हे माझ्या कागदावर नव्हतं. दादांचा कॅमेरा हलला, कारण ते हसत होते. तो हललेला भाग त्यांनी तसाच ठेवला. मग ती माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "आणि तू गं मॉनिटर! फळ्यावर नाव लिहायचीस ते बरं होतं. आता पत्रिकेवर लिहायलीस व्हय?" मी लिहिलेलं पुढचं वाक्य विसरले आणि खरोखरीची ओशाळले. माझ्या साऱ्या अभिनयात तेवढं एकच खरं उतरलंय, असं दादा आजही म्हणतात.

यंत्राच्या आवाजामुळं आम्हा सगळ्यांनाच ओरडून बोलावं लागत होतं. लोकांना तेही आवडलं. आत्यांनी अक्कलकोटहून फोन करून सांगितलं की त्यांनी तो भाग शेजारपाजारच्या सगळ्यांना दाखवला. आळंदकरांचं काही कळलं नाही. अप्पांनी मोबाइल छातीवर धरून पूर्ण भाग पाहिला आणि फक्त म्हणाले, "पट्टा ढिला झालाय. आवाज येतोय बघ." दुसऱ्या दिवशी तिनं पट्टा बदलला.

तिथून पुढं मालिका दोन ठिकाणी राहायला लागली. एक भाग कॉलेजच्या गेटावर, एक गिरणीवर. गेटावरचे भाग मी लिहायचे. गिरणीवरच्या भागासाठी मी शनिवारी यायचे, तिच्याशेजारी रिकाम्या पोत्यांवर बसायचे, आणि आठवडाभरात रांगेत कोण काय बोललं ते ती सांगायची. कोणाची सून रुसली, कोणी हरभऱ्याच्या डाळीत चुकून मूग मिसळून आणले, कोणी दुसऱ्याचा डबा उचलून नेला आणि आठ दिवस त्याच पिठाच्या भाकरी खाऊन मग भांडायला आलं. मी टिपून घ्यायचे. एखादं घ्यायचं झालं तर आधी ती त्या बाईला विचारून यायची. काही बायका नको म्हणायच्या, काही म्हणायच्या, घ्या, पण माझी सून जरा काळी दाखवा.

दिवाळीनंतर एकदा ती धाराशिवला आली. मालिकेसाठी नव्हे, अप्पांना दवाखान्यात दाखवायला. अप्पांना तपासायला वेळ लागणार होता, तिची आई त्यांच्याजवळ बसली, आणि ही मला म्हणाली, "चल, तुझं कॉलेज दाखव. गेटाच्या आतलं."

गेटावरच्या वॉचमननं ओळखपत्र मागितलं. मी माझं दाखवलं. तो तिच्याकडं बघत राहिला, मग एकदम म्हणाला, "तुम्ही गिरणीवाल्या न्हवं?" आणि बाजूला झाला. ती आत गेली. नोटीस बोर्डापुढं थांबून तिनं सगळ्या नोटिसा वाचल्या, अगदी हरवलेल्या छत्रीचीसुद्धा. ग्रंथालयात गेली, पण तिथं दारातच थांबली, कारण आत सगळे गप्प होते आणि तिचा तिच्या आवाजावर भरवसा नव्हता. मग म्हणाली, "वर्ग?"

आमचा इतिहासाचा तास सुरू व्हायचा होता. आम्ही मागं जाऊन बसलो. सर उत्साही होते, मुलांना प्रश्न विचारत शिकवायचे. त्या दिवशी निजामाच्या काळातला सारा आणि धान्याची वसुली असं काहीतरी चाललं होतं. सरांनी विचारलं, धान्य मोजण्याची जुनी मापं कोणाला सांगता येतील का. कोणाचाच हात वर गेला नाही. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "चिपटं, मापटं, शेर, पायली, मण, खंडी." सगळा वर्ग वळला. एवढा आवाज त्या खोलीनं पूर्वी ऐकला नसावा. सरांनी तिला उभं राहायला सांगितलं आणि कशात किती बसतं ते विचारलं. तिनं सांगितलं, हातांनी दाखवत. सर म्हणाले, "छान! रोज बोलत जा की वर्गात."

"रोज न्हाई जमायचं सर," ती म्हणाली. "दळण असतंय."

वर्ग हसला, सरही हसले. तिची थट्टा म्हणून कोणी हसलं नाही, एवढं मी नीट पाहून घेतलं. बाहेर आल्यावर तिनं नळावर तोंड धुतलं आणि ओढणीनं बराच वेळ पुसत राहिली. दवाखान्याकडं चालताना तीच म्हणाली, "मला वाटलं होतं, आत गेल्यावर लई वाईट वाटंल. म्हणूनच इतके दिवस आले न्हाई."

"मग?"

"वाटलं. पण थोडंच वाटलं." आणि दहा पावलांनी, "ती छत्री सापडली का गं कुणाला?"

कॉलेजच्या मालिकेचे नऊ भाग झाले. मग आमच्या परीक्षा आल्या, दादांची लग्नसराई आली. हुशारला पुण्याला नोकरी मिळाली आणि तो पदवी तिकडूनच करायची म्हणून गेला. उशिरा येणारा आता धाराशिवलाच एका शाळेत शिकवतो आणि सगळ्यात आधी पोचतो, असं तो स्वतःच सांगतो. शेवटचा भाग असा आम्ही केलाच नाही. दहावा भाग पुढच्या रविवारी करू म्हणून कॅमेरा पेटीत गेला, तो लग्नांसाठीच बाहेर आला. काही दिवस लोक विचारत राहिले, मग त्यांनी दुसरं काहीतरी बघायला सुरुवात केली. आम्हालाही ते फारसं लागलं नाही. दादा मात्र अजून अधूनमधून कलमाची गोष्ट काढतात. आता म्हणे सगळ्यांची पोरं शाळेत जाऊ लागली की त्यांच्यावर काढू.

मी एम.ए. झाले आणि तुळजापूरला एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. तिनं गिरणीशेजारची जागा घेऊन मिरची कांडायचं यंत्र बसवलं. तिचं लग्न दोन वर्षांपूर्वी झालं. नवरा नळदुर्गजवळचा, ट्रॅक्टर दुरुस्त करतो, मोजकं बोलतो. मुरुममध्येच दुकान टाकायला तो तयार झाला, म्हणून तिनं होकार दिला. अप्पा आता काठी घेऊन चालतात आणि दुपारी गिरणीवर खुर्ची टाकून बसतात. पोत्याला हात लावायला गेले की ती आतून ओरडते. ज्वारीचं पीठ पिशव्यांत भरून उमरग्याच्या दोन-तीन दुकानांत द्यायला तिनं सुरुवात केलीय, आणि त्यासाठी एक जुना छोटा टेम्पो घेतलाय. चालवायला नवऱ्यानं शिकवलं.

मागच्या महिन्यात मी दोन दिवस गावी होते. निघताना ती म्हणाली, "चालत कशाला जातीस? स्टँडवर सोडते." मी टेम्पोत तिच्याशेजारी बसले, मांडीवर पिशवी आणि पिशवीवर तिच्या आईनं दिलेली शेंगाची चटणी. ती दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून, पुढं वाकून, रस्त्याकडं डोळे वटारून चालवत होती आणि तोंडानं अखंड बोलत होती. नवीन यंत्राचा दगड, माझ्या वर्गातली पोरं, तिला लागलेले डोहाळे. ही शेवटची बातमी तिनं गतिरोधकावर दिली, म्हणून मला आधी नीट ऐकूच आली नाही. मी तिला परत सांगायला लावली. तिनं सांगितली. मग मी ओरडले आणि तीही ओरडली, आणि मागच्या मोटारसायकलवाल्यानं हॉर्न दिला.

स्टँड मागं पडलं ते दोघींच्याही लक्षात आलं नाही. आलं तेव्हा गाव संपून दोन्हीकडं तुरीची शेतं लागली होती.

"वळव की," मी म्हणाले.

"मला अजून वळवता येत न्हाई नीट. मोठी जागा लागती," ती म्हणाली. "बस गप. उमरग्याला सोडते."